सोलापुरी कडक भाकरी घरी करताना

पातळ भाकरी नेहमीपेक्षा जास्त वेळ तव्यावर ठेवली की कडक भाकरी तयार होते, असा बाहेरगावच्या अनेकांचा समज असतो. तशा भाकरीच्या कडा करपतात आणि मध्यभाग चिवट राहतो. कडक भाकरी दोन वेळा भाजावी लागते. पहिल्या भाजणीत ती शिजते आणि दुसऱ्या, अगदी मंद आचेवरच्या भाजणीत तिच्यातले उरलेले पाणी निघून जाते. महिनाभर टिकण्याचे सगळे श्रेय या दुसऱ्या भाजणीचे असते, आणि घाई करणाऱ्यांची भाकरी बिघडते ती नेमकी तेथेच.

ज्वारी शाळूचीच, म्हणजे रब्बीची घ्यावी. आमच्याकडे मालदांडीला पर्याय नाही असे मानतात. मालदांडी ३५-१ हे वाण सोलापूर जिल्ह्यातल्याच मोहोळ येथे स्थानिक ज्वारीतून निवडले गेले आणि मंगळवेढ्याच्या ज्वारीला भौगोलिक मानांकनही मिळालेले आहे. तरीही वाणापेक्षा पीठ ताजे असण्याला मी अधिक महत्त्व देते. दळून आणून पंधरा दिवस झालेल्या पिठाला विरी, म्हणजे न फाटता थापले जाण्याचा गुण, राहत नाही, आणि अशा पिठाची पातळ भाकरी थापायला घेतली की तिच्या कडा फाटत जातात. आठ दिवस पुरेल एवढेच दळण बारीक दळून आणावे आणि चाळून घ्यावे.

पाव किलो पिठात पाच ते सहा भाकरी होतात. साधारण तेवढेच, म्हणजे पाव लिटर पाणी चांगले उकळावे, त्यात अर्धा चमचा मीठ घालावे आणि परातीतल्या पिठात मध्यभागी आळे करून त्यातले पाऊण पाणी ओतावे. उलथण्याच्या दांड्याने कालवून पाच मिनिटे झाकून ठेवावे. ज्वारीच्या पिठात गव्हासारखा चिकटपणा मुळात नसतो. आधणाच्या पाण्याने त्यातला स्टार्च फुगतो, चिकट होतो आणि पीठ एकमेकांना धरून ठेवतो, म्हणून येथे कोमट पाण्यावर भागवू नये. हाताला सोसवेल इतके पीठ निवले की उरलेले पाणी लागेल तसे घेत तळहाताच्या टाचेने ते सात-आठ मिनिटे रगडून मळावे. गोळा चपटा करून पाहावा, आणि कडेला भेगा पडल्या तर पाण्याचा हात लावून पुन्हा मळावे.

सुमारे ८० ग्रॅमचा गोळा घेऊन परातीत कोरडे पीठ पसरावे आणि त्यावर भाकरी थापावी. बोटांच्या पेरांनी मधून कडेकडे पीठ सरकवत, भाकरी हलक्या हाताने फिरवत ठेवली तर ती परातीला चिकटत नाही. जाडी दीड-दोन मिलिमीटरपेक्षा जास्त नसावी. मधोमध जाड आणि कडेला पातळ अशी भाकरी पुढे एकसारखी वाळत नाही, म्हणून नव्याने शिकणाऱ्यांनी दोन प्लॅस्टिकच्या कागदांमध्ये गोळा ठेवून लाटायला काहीच हरकत नाही. थापता येत नाही म्हणून कडक भाकरी करायचीच नाही, हा हट्ट मला पटत नाही.

तवा मध्यम आचेवर तापवून कोरड्या पिठाची बाजू वर येईल अशी भाकरी टाकावी, वरून पाण्याचा हात फिरवावा आणि पाणी ओले असतानाच चमचाभर पांढरे तीळ भुरभुरून हलकेच दाबावेत. पाणी सुकत आले की उलटावी. एरवी भाकरी टम्म फुगली की आपल्याला आनंद होतो, पण ही भाकरी फुगू द्यायची नाही. फुगली की पापुद्रा सुटतो, आणि पापुद्रा सुटलेल्या भाकरीचा डब्यात भुगा होतो. त्यामुळे जेथे फुगा येईल तेथे सुती फडक्याच्या बोळ्याने दाबत राहावे. दोन्ही बाजूंना फिकट तांबूस ठिपके आले की उतरवून जाळीवर ठेवावी.

सगळ्या भाकऱ्या झाल्यावर आच अगदी बारीक करून एकेक भाकरी पुन्हा तव्यावर घ्यावी आणि फडक्याने दाबत, फिरवत, उलटत आठ-दहा मिनिटे भाजावी. चुलीच्या काळात हे काम वैलावरची, म्हणजे चुलीच्या बाजूच्या जोडचुलीवरची धग करत असे. भाकऱ्या निखाऱ्यांसमोर उभ्या टेकवून ठेवल्या की स्वयंपाक आवरेपर्यंत त्या कडक होत. ओव्हन असेल तर १२० अंशांवर जाळीवर वीस-पंचवीस मिनिटे ठेवूनही तेच साधते. नखाने टिचकी मारल्यावर पापडासारखा कोरडा आवाज आला की समजावे, झाली. आवाज बोदा आला तर ती पुन्हा तव्यावर जावी. एप्रिल-मेच्या सोलापुरी उन्हात भाकऱ्या वाळवता येतात हे खरे, परंतु उन्हाला मी भाजणीनंतरची जोड मानते, भाजणीचा पर्याय नव्हे.

डब्यात भरण्यापूर्वी भाकऱ्या पूर्ण गार होऊ द्याव्यात. एकदा मुलाला पुण्याला द्यायच्या म्हणून पहाटे केलेल्या डझनभर भाकऱ्या मी कोमट असतानाच डब्यात घातल्या आणि तो सकाळच्या हुतात्मा एक्सप्रेसने निघाला. पुण्यात डबा उघडला तेव्हा झाकणाला आतून घाम फुटलेला होता आणि भाकऱ्या वातड झाल्या होत्या. त्याने त्या पुन्हा तव्यावर भाजून वाचवल्या, पण पहिला खुसखुशीतपणा काही परत आला नाही. डब्याच्या तळाशी कागद घालावा, डबा घट्ट बंद होणारा असावा आणि पावसाळ्यात एका वेळी आठवड्यापुरत्याच भाकऱ्या कराव्यात. दोन-तीन आठवड्यांनंतर तिळाचा वास एकदा घेऊन पाहावा, कारण भाकरी चांगली असली तरी तीळ खवट होतात.

ही भाकरी शेंगाचटणी आणि घट्ट दह्याशी तुकडे मोडून खातात, किंवा गरम आमटीत चुरतात. आमटीत चुरणार असाल तर आमटी पातळ ठेवावी, कारण भाकरी पाहता पाहता सगळे पाणी ओढून घेते. डब्याच्या तळाशी साठलेला चुरा टाकू नये. मोहरी, लसूण आणि सुक्या मिरचीच्या फोडणीत तो परतून वर मूठभर शेंगदाण्याचे कूट घातले की दुपारच्या चहाची सोय होते.