वेगवान कॅमेरा घेण्याआधी मैदानावर करायची तपासणी

काउंटरवर उभं राहून पाच मिनिटं बटण दाबलं की कोणताही महागडा कॅमेरा आवडतो. दुकानात उजेड एकसारखा असतो, समोरचा माणूस हलत नाही आणि हवा थंड असते. खो-खो, कबड्डी, कुस्ती किंवा नाथसागरावरचे पक्षी टिपायचे असतील तर यातलं काहीच वाट्याला येत नाही. म्हणून लाखांत पैसे घालण्याआधी कॅमेरा एक दिवस भाड्याने आणा. छत्रपती संभाजीनगरला नाही मिळाला तर पुण्याहून मागवा. त्या एका दिवसात काय काय तपासायचं, त्याची ही तयारी.

सेकंदाला किती फ्रेम, हा आकडा सगळ्यात शेवटी बघा. निकॉन झेड ९ रॉ, म्हणजे प्रक्रिया न केलेल्या मूळ फाइलचे सेकंदाला २० फोटो काढतो, कॅनन आर १ चाळीस काढतो, सोनी ए ९ थ्री १२०. खो-खोतला आक्रमक खांबावर सूर मारतो तो क्षण पकडायला २० पुष्कळ झाले. २०१६ सालचा निकॉन डी ५०० तर १०च काढतो, आणि आजही त्याच्यावर चांगलं काम होतं. निघालेल्या फोटोंपैकी शार्प किती, कॅमेरा न अडखळता किती वेळ चालला आणि आपल्याकडच्या उजेडात त्याचं काय झालं, यावर खरा फरक पडतो.

आदल्या रात्री स्वतःची लेन्स, स्वतःचं कार्ड आणि पूर्ण चार्ज केलेल्या दोन बॅटऱ्या बाजूला काढून ठेवा. भाड्याच्या कॅमेऱ्यासोबत आलेली भारी लेन्स लावून तपासलं तर निकाल त्या लेन्सचा येतो, तुमच्या कामाचा नाही. सोनीच्या ए ९ किंवा ए १वर दुसऱ्या कंपनीची लेन्स लावली की सतत फोकस चालू असताना वेग १५ फ्रेमवर अडतो, मग जाहिरातीतल्या २० किंवा ३०चा उपयोग काय? बॅटरी उतरली की काही कॅमेरे गुपचूप हळू होतात, तेही मॅन्युअलमध्ये शोधून ठेवा. त्यातच आणखी एक गोष्ट बघा: वेगवान इलेक्ट्रॉनिक शटरवर रॉ फाइल १४ बिटचीच राहते की १२ बिटवर येते (बिट जास्त तितक्या छटा जास्त). सावलीतला चेहरा नंतर उजळायला घेतला की हा फरक दिसतो. सतत फोकस, सर्वांत जास्त वेग, रॉ आणि १/१००० सेकंदाचं शटर अशी मांडणी रात्रीच एका कस्टम मोडवर बसवून टाका, सकाळी मैदानावर मेनू चाळत बसू नका.

मग कार्डाचं गणित. २४ मेगापिक्सेलची रॉ फाइल साधारण ३० एमबीची धरा. सेकंदाला २० म्हणजे ६०० एमबी. यूएचएस-टू एसडी कार्डाची मर्यादाच सुमारे ३०० एमबी, आणि प्रत्यक्ष लिहिण्याचा वेग त्याहून कमी. म्हणजे निम्म्याहून जास्त माल बफरमध्ये, कॅमेऱ्याच्या तात्पुरत्या साठ्यात, साचत जातो. बफर भरला की वेग एकदम बसतो, आणि तो नेमका पकडीच्या वेळी बसतो, कारण चढाईपटूने मध्यरेषा ओलांडल्यापासून बोट दाबलेलं असतं. सीएफएक्स्प्रेस या एसडीहून वेगवान कार्डाच्या वेष्टनावरचा मोठा आकडा क्षणापुरता असतो. सलग लेखनाची खात्री हवी तर व्हीपीजी २०० किंवा व्हीपीजी ४०० ही खूण बघा. सेकंदाला किमान २०० किंवा ४०० एमबी सलग लिहिलं जाईल, असा त्या खुणेचा अर्थ आहे.

बफर मोजायचा तो पानांनी गच्च भरलेल्या लिंबाच्या झाडावर. कोऱ्या भिंतीवर मोजला तर फाइल लहान होते आणि बफर आहे त्यापेक्षा मोठा वाटतो. वेग तुटेपर्यंत बटण दाबून ठेवा, फोटो मोजा, कार्डाचा दिवा विझायला किती सेकंद लागले तेही लिहा. दिवा पेटलेला असताना पुन्हा बटण दाबता येतं का, काढलेला फोटो बघता येतो का? कबड्डीची चढाई ३० सेकंदांची असते आणि एक संपली की लगेच दुसरी सुरू होते, त्यामुळे ही मोकळीक बफरच्या आकाराइतकीच महत्त्वाची आहे.

फोकसला अर्धा दिवस द्या. यासाठी खो-खोच्या सरावासारखी परीक्षा नाही, आणि खो-खो मराठवाड्यात जवळपास सापडतोच. २०२० साली अर्जुन पुरस्कार मिळालेल्या सारिका काळे धाराशिवच्याच. प्रशिक्षकांची परवानगी काढा आणि खांबामागे, खेळाडूंच्या धावण्याच्या बाहेर बसा. आठ आक्रमक रांगेत एकाआड एक तोंड फिरवून बसलेले असतात आणि संरक्षक त्यांच्यातून नागमोडी पळतो. बसलेले चेहरे स्थिर आणि स्पष्ट, त्यामुळे डोळे ओळखणारा फोकस पळणाऱ्याला सोडून त्यांच्यावर जातो. नेमकं हेच मोजायचं. संरक्षकावर फोकस धरा आणि दहा धावांत तो किती वेळा बसलेल्या खेळाडूवर सरकला ते टिपून ठेवा. मध्ये कोणी आडवं आलं तर फोकसने किती वेळ थांबायचं, ही सेटिंग तिन्ही कंपन्यांच्या अशा कॅमेऱ्यांत वेगवेगळ्या नावांनी असते. आधी ती मूळ जागी ठेवून बघा, मग चिवट करून बघा. चिवट केल्यावरही फोकस सुटत असेल तर तो कॅमेरा खो-खोच्या कामाचा नाही, मग दुसरं काहीही चांगलं असो.

त्यानंतर एका खेळाडूला ३० मीटरवरून थेट लेन्सकडे पळत यायला सांगा. शेवटचे ५ मीटर सगळ्यात कठीण, तिथे बहुतेक कॅमेरे मागे पडतात. कुस्तीत अडचण उलटी असते. दोन मल्ल एकमेकांत अडकलेले, डोळे दिसत नाहीत आणि मागे पंचाचा चेहरा मात्र स्वच्छ दिसतो. लोहा तालुक्यातल्या माळेगाव यात्रेच्या आखाड्यात उभं राहायचं असेल तर चेहरा ओळखणं बंद करून फोकसच्या छोट्या चौकटीवर येणं, एका बटणाने आणि नजर न काढता, जमलं पाहिजे. घामेजलेल्या अंगठ्याने जमतं का तेही बघा. पक्ष्यांसाठी बटण दाबण्याआधीचे क्षण साठवणारी सोय तपासा. झेड ९मध्ये ती फक्त जेपेगमध्ये मिळते, ए ९ थ्रीमध्ये रॉमध्येही.

इलेक्ट्रॉनिक शटरमध्ये सेन्सर वरून खाली ओळीओळीने वाचला जातो. हे वाचन १/६० सेकंद चाललं तर सेकंदाला १२ मीटर पळणारा घोडा तेवढ्यात २० सेंटिमीटर पुढे जातो, म्हणून त्याचे पाय तिरपे झालेले दिसतात. झेड ९चा सेन्सर सुमारे १/२७० सेकंदात वाचला जातो, तेवढ्यात घोडा साडेचार सेंटिमीटरच सरकतो. तपासायला घोडा लागत नाही. विजेच्या उभ्या खांबासमोर कॅमेरा झर्रकन आडवा फिरवत फोटो घ्या आणि खांब किती कलला ते बघा.

रात्रीच्या सामन्यांचे दिवे ही आपल्याकडची खरी डोकेदुखी. वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे स्वस्त एलईडी आणि मेटल हॅलाइड दिवे सेकंदाला १०० वेळा कमी-जास्त होतात. १/१००० शटरला एक फोटो उजळ, पुढचा अंधारा आणि पिवळट निघतो. फ्लिकर, म्हणजे दिव्यांची ही लुकलुक, टाळण्याची सोय शटरला उजेडाच्या शिखराशी जुळवते. ती चालू आणि बंद ठेवून, २० आणि १५ अशा दोन्ही वेगांवर बघा. वेग २० असेल तर दिव्याच्या पाच हेलकाव्यांमागे एक फोटो येतो, त्यामुळे सगळे फोटो सारखेच वाटतात आणि दोष लपतो, १५वर तो उघडा पडतो. गावोगावच्या स्पर्धा जनरेटरवर चालतात आणि जनरेटरची वारंवारता हलत राहते, म्हणून ही तपासणी शक्यतो जनरेटरच्याच दिव्यांत करा. ग्लोबल शटर, म्हणजे सगळा सेन्सर एकाच क्षणी वाचणारं शटर, असलेल्या ए ९ थ्रीत फोटोवर आडवे पट्टे येत नाहीत, पण फोटोगणिक उजेड बदलणं त्यालाही चुकत नाही. एफ २.८ (लेन्सचं तोंड बरंच उघडं) आणि १/१०००ला अशा मैदानांवर आयएसओ, म्हणजे सेन्सरची संवेदनशीलता, ६४०० ते १२८००पर्यंत जातोच, तेव्हा फोटोतला दाणेदारपणा त्याच आकड्यांवर तपासा.

एप्रिल-मेचं ऊन वेगळं तपासावं लागतं. बहुतेक कंपन्या कॅमेऱ्याचं कामाचं तापमान ४० अंशांपर्यंतच देतात, आणि परभणी-नांदेडचा उन्हाळा त्यापुढे सहज जातो. दुपारी दोन वाजता अर्धा तास उन्हात ठेवून बफरची तपासणी पुन्हा करा. मात्र फोकसचा निकाल भर दुपारी लांबच्या लेन्सवर लावू नका. तापलेल्या काळ्या रानावरून उठणाऱ्या हवेने ४०० मिलिमीटरवर सगळंच लहरतं आणि दोष उगाच फोकसला लागतो. ती तपासणी सकाळी नऊच्या आत उरका. भंडारा किंवा गुलाल उधळला जातो तिथे लेन्स बदलायची नाही, त्यामुळे दोन बॉडींचा, म्हणजे दोन कॅमेऱ्यांचा, खर्च आधीच धरा.

जुना कॅमेरा घेत असाल तर शटर किती वेळा चालला ते विचारा: डी ५००चं शटर दोन लाखांपर्यंत, कॅननच्या वनडी एक्स मार्क टूचं चार लाखांपर्यंत तपासलेलं आहे. एफ १६ला (लेन्सचं तोंड अगदी लहान करून) आभाळाचा फोटो काढून सेन्सरवरचे डाग बघा, कार्डाच्या खाचेतल्या पिना टॉर्चने बघा.

संध्याकाळी फोटो संगणकावर १०० टक्के मोठे करून बघा, कॅमेऱ्याच्या पडद्यावर विश्वास ठेवू नका. प्रत्येक धावेचे शार्प, चालण्यासारखे आणि वाया गेलेले वेगळे मोजा, आणि वाया गेलेले कुठे आहेत ते लिहा. सुरुवातीला असतील तर कॅमेरा उशिरा पकडतो, मध्ये असतील तर आडव्या आलेल्यावर जातो, शेवटी असतील तर जवळ येणाऱ्याला गाठू शकत नाही. मधला दोष सेटिंगने कमी होतो, शेवटचा बहुधा लेन्सचा असतो. दुसरी लेन्स लावून तेवढी एक धाव पुन्हा घेता यावी, म्हणून कॅमेरा परत देण्याची वेळ दुसऱ्या दिवशी दुपारची ठरवून घ्या.