मुरुमांच्या चिठ्ठीतलं कोणतं औषध किती दिवस?

"हे आता कायमच घ्यावं लागणार का?" मुरुमांची चिठ्ठी घेऊन आलेलं माणूस पैसे देता देता हळूच हे विचारतं. मी फार्मासिस्ट आहे आणि हा प्रश्न मला अगदी रास्त वाटतो. फक्त सगळ्या चिठ्ठीला मिळून त्याचं एक उत्तर नसतं, कारण त्यातल्या प्रत्येक औषधाची मुदत वेगळी असते. म्हणून घरी गेल्यावर पेन घ्या आणि प्रत्येक औषधापुढे तीन गोष्टी लिहा: कशासाठी, कधीपर्यंत, मध्ये कोणती तपासणी. जी जागा रिकामी राहील तिथला प्रश्न पुढच्या भेटीत डॉक्टरांना विचारा.

आधी अँटिबायोटिक बघा, कारण वेळेवर थांबवायचं औषध ते. डॉक्सिसायक्लिन किंवा मिनोसायक्लिन सूज उतरवायला देतात आणि साधारण 3 ते 4 महिन्यांत बंद करतात. मागच्या वेळी गुण आला म्हणून जुन्याच चिठ्ठीवर पुन्हा पुन्हा त्या गोळ्या मागणारे लोक येतात, तेव्हा मला खरंच काळजी वाटते. अशाने जिवाणू औषधाला दाद देईनासे होतात. म्हणूनच जोडीला बेन्झॉइल पेरॉक्साइड लावायला देतात. त्याच्यापुढे जिवाणूंचं हे चालत नाही. ते 2.5 टक्क्यांचंही पुरतं, जास्त तीव्र घेतलं की आगच जास्त होते. (कपड्यांचा रंग उडतो, तेव्हा टॉवेल आणि उशीचा अभ्रा पांढरा ठेवा.) डॉक्सिसायक्लिन पेलाभर पाण्याबरोबर घ्या आणि लगेच आडवे होऊ नका, गोळी अन्ननलिकेत अडकली तर तिथे जखम होते.

चालू ठेवायचं औषध म्हणजे अ‍ॅडापलीनसारखं रेटिनॉइड (व्हिटॅमिन ए च्या जातकुळीतलं) जेल, आणि लोक नेमकं तेच सोडतात. मुरूम वर दिसण्याच्या कित्येक आठवडे आधी त्वचेच्या छिद्रात तेल आणि मृत पेशींचं बारीक बूच बसलेलं असतं. जेल ते बूच बसू देत नाही. त्यामुळे आलेल्या मुरमापुरतं लावून भागत नाही, मुरूम येतात तो सगळा भाग घ्यावा लागतो. परवा एक मुलगा चेहरा सोलपटला म्हणून ट्यूब परत घेऊन आला. आठवडाभरातच ती निम्म्याहून जास्त चपटी झाली होती. पूर्ण चेहऱ्याला लागतं वाटाण्याएवढं जेल, बस्स.

रात्री सौम्य फेसवॉशने तोंड धुवा, टिपून घ्या, त्वचा पूर्ण कोरडी होऊ द्या. मग कपाळ, दोन्ही गाल, हनुवटी यांवर जेलचे ठिपके देऊन पातळ पसरवा. डोळ्यांभोवतीची जागा, नाकाच्या बाजूच्या खाचा आणि ओठांचे कोपरे सोडा. जळजळ तिथूनच सुरू होते. पहिले दोन-तीन आठवडे एक दिवसाआड लावा, वरून मॉइश्चरायझर. तरीही आग होत असेल तर मॉइश्चरायझर आधी आणि जेल नंतर. सकाळी एसपीएफ 30 किंवा त्याहून जास्तीचं सनस्क्रीन. सुरुवातीला मुरूम वाढल्यासारखे वाटतात, पण 12 आठवड्यांच्या आत निकाल लावू नका.

चेहरा स्वच्छ झाला, जेल बंद केलं, मुरूम परत आले, की लोक म्हणतात सवय लागली. तसं नसतं. बूच बसण्याची मूळ प्रवृत्ती तशीच असते, जेल तिला आवर घालतं. ते रक्तात अगदी नगण्य उतरतं, म्हणून दीर्घकाळ लावता येतं. गर्भधारणेचा विचार असेल तर मात्र बंद करा आणि त्याऐवजी लावायच्या अ‍ॅझेलाइक अ‍ॅसिडबद्दल विचारा.

सगळ्यात जास्त धास्ती असते आयसोट्रेटिनॉइनची, म्हणजे तीव्र मुरुमांसाठी पोटात घ्यायच्या कॅप्सूलची, आणि खरं तर ते कायमचं औषध नाही, त्याचा कोर्स असतो. एकूण मात्रा बऱ्याचदा वजनाच्या दर किलोला 120 ते 150 मिलिग्रॅम धरतात. 60 किलोच्या माणसाला 7,200 ते 9,000 मिलिग्रॅम, काही महिन्यांत विभागून. कॅप्सूल जेवणाबरोबर घ्या, रिकाम्या पोटी ती नीट शोषली जात नाही. ओठ जवळपास सगळ्यांचेच फुटतात. लिव्हर आणि ट्रायग्लिसराइडची (रक्तातल्या चरबीची) तपासणी आधी आणि मध्ये करावी लागते. सोबत डॉक्सिसायक्लिन किंवा व्हिटॅमिन ए नको. कोर्स चालू असताना आणि नंतर महिनाभर रक्तदान नको. गर्भाला याने गंभीर व्यंग येतं, म्हणून स्त्रियांनी आधी गर्भचाचणी आणि कोर्स संपल्यावर महिनाभरापर्यंत खात्रीचं गर्भनिरोधन, यात जराही सूट नाही. कोर्सनंतर काहींना मुरूम परत येतात. तेव्हा उरलेल्या कॅप्सूल परस्पर सुरू करू नका.

मुरूम जबड्याच्या कडेने येत असतील आणि पाळी अनियमित असेल तर पीसीओएसची (हार्मोन बिघडून पाळी अनियमित होते त्या विकाराची) तपासणी करून घ्या. तिथे स्पायरोनोलॅक्टोन (पुरुषी हार्मोनचा परिणाम रोखणारी गोळी) किंवा हार्मोनच्या गोळ्या बरेच महिने चालतात. धूम्रपान, मायग्रेन, रक्ताच्या गुठळीचा इतिहास, यातलं काहीही असेल तर हार्मोनच्या गोळ्या सुरू करण्याआधी, डॉक्टरांनी विचारलं नाही तरी ते स्वतःहून सांगा.

बीटामेथासोन, क्लोबेटासोल ही नावं असलेलं मलम चेहऱ्याला लावत असाल तर ट्यूब घेऊनच डॉक्टरांकडे जा. ते स्टेरॉइड आहे. बरेच दिवस लावून अचानक सोडलं की चेहरा भडकतो, म्हणून कसं सोडायचं ते विचारून घ्या.

गोळ्या चालू असताना तीव्र डोकेदुखी आणि अंधूक दिसणं, पोटात जोरात दुखणं, डोळे पिवळे होणं, किंवा मन सतत उदास होऊन जगणं नकोसं वाटणं, यातलं काहीही झालं तर पुढची गोळी घेऊ नका आणि त्याच दिवशी डॉक्टरांना गाठा.