पाडव्याला व्याही जेवायला येणार असतील तर

आधी स्वयंपाकघरात जा आणि हिंगाची डबी उलटी करून मागचं बारीक अक्षर वाचा. चष्मा लावून वाचा. रांगोळी, पडदे, जावयाचा आहेर हे सगळं नंतर.

आमच्याकडचा गोतावळा असा. मुलीच्या आजेसासूबाई चातुर्मास पाळतात, म्हणजे कांदा, लसूण, वांगं बंद, आणि दिवाळी कार्तिकी एकादशीच्या आधी येते त्यामुळे सुटका नाही. व्याह्यांना मधुमेह. विहीणबाई 'सगळं खातात', फक्त दुधी, भोपळा, पडवळ आणि आदल्या दिवशीचं काहीही सोडून. आणि मुलीच्या नणंदेला सीलिॲक आहे. गहू किंवा जव पोटात गेले की त्यातल्या ग्लुटेनमुळे तिच्या लहान आतड्याच्या अस्तराला इजा होते. मागच्या दिवाळीत मी पोळ्या, पुऱ्या, रवा, मैदा हे सगळं तिच्या ताटापासून लांब ठेवलं, आणि लसूण नाही म्हणून चव यावी यासाठी प्रत्येक फोडणीत हिंग सढळ हातानं घातला. घटक पदार्थांत गव्हाचं पीठ आहे असं त्या डबीवर स्वच्छ छापलेलं होतं. घरी गेल्यावर तिचं पोट बिघडलं, पण मला वाईट वाटेल म्हणून कुणी सांगितलं नाही. बऱ्याच दिवसांनी मुलगी बोलली.

तर हिंग. मूळ हिंग म्हणजे एका झाडाच्या मुळातून निघणारा चीक. अफगाणिस्तान, इराण, उझबेकिस्तानातून येतो आणि इतका उग्र असतो की तसाच वापरता येत नाही. म्हणून त्यात डिंक आणि पीठ मिसळून तो बांधतात, आणि आपण दुकानातून आणतो तो हाच बांधानी हिंग. पीठ कधी तांदळाचं असतं, पुष्कळदा गव्हाचं. खडा आणला म्हणजे शुद्ध असंही समजू नका, खडेसुद्धा पीठ घालून बांधलेले मिळतात. तांदळाच्या पिठातला हिंग मिळतो. तो आणा, नव्या चमच्यासकट वेगळ्या डबीत ठेवा आणि जुनी डबी चार दिवस माळ्यावर टाका. शेजारी ठेवलीत तर घाईत हात तिच्याकडेच जाईल. नाही मिळाला तर त्या दिवशी हिंगाशिवाय फोडणी करा. जिरं, कढीपत्ता, किसलेलं आलं, वरून ओलं खोबरं. कुणाला कळतही नाही.

एवढ्यावर हिंग संपत नाही, म्हणून पुन्हा सांगते. गोडा मसाला केला तेव्हा त्यात हिंग घातला होता ना? म्हणजे मसालेभात गेला, आमटी गेली. लोणच्यात हिंग. उडदाच्या पापडात हिंग. चिवड्याच्या फोडणीत हिंग. साध्या वरणात चिमूटभर घालतो तो हिंगच. मेतकुटात तर हिंगाशिवाय चक्क गहूही असतात. या पाहुण्यांसाठी गोडा मसाला नव्या हिंगानं वाटीभर वेगळा करा. तेवढा वेळ नसेल तर मसालेभात रद्द करून नारळीभात करा. लोणचं ताजं, लिंबू-मिरचीचं, बिनहिंगाचं.

आता चौकशी. विहीणबाईंना फोन करून 'काय चालतं' असं विचारू नका. 'अहो, काहीही करा, आम्हाला सगळं चालतं' असंच उत्तर येतं आणि त्याचा उपयोग शून्य. मुलीला विचारा, पण तिच्यावरही पूर्ण विसंबू नका, तिला सासरी जाऊन कितीसे दिवस झालेत. ज्याचं पथ्य त्यालाच विचारा, आणि काय बनवणार ते एकेक नाव घेऊन विचारा. 'अळूची भाजी करणार आहे, चणाडाळ आणि दाणे घालून, चालेल?' असं. आवडत नाही, नेम आहे आणि बाधतं या तीन गोष्टी वहीत वेगवेगळ्या लिहा. भोपळा चुकून वाढला तर विहीणबाई ताटात बाजूला सारतील, फार तर मुलीला दोन शब्द ऐकवतील. आजेसासूबाईंचा नेम मोडला तर त्यांना मनाला लागेल. गव्हाचं मात्र 'थोडंसं चालतं' असं काही नसतंच. 'एवढ्याशानं काय होतंय' म्हणणारी एक आत्या प्रत्येक घरात असते, तिला त्या दिवशी वाढायला ठेवू नका. आणि नणंद म्हणाली की मी माझा डबा घेऊन येते, तर मानापमान काढत बसू नका. आणू दे. तिचं अन्न गरम करायला वेगळं पातेलं द्या म्हणजे झालं.

पीठ. तांदळाचं पीठ, बेसन, चकलीची भाजणी आपण गिरणीतून आणतो. गिरणीवाल्याला 'तांदळावर दळा' म्हटलं तरी त्याच जात्यावर सकाळभर गहू पडलेले असतात, आणि हवेत पीठ उडत असतं ते वेगळं. तिच्यापुरतं घरच्या मिक्सरवर दळा, नाहीतर ग्लुटेनमुक्त असं छापलेलं पाकीट आणा. तसं छापायचं तर आपल्याकडच्या नियमानं किलोमागे २० मिलिग्रॅमपेक्षा जास्त ग्लुटेन चालत नाही. यावरून आपण किती कमी म्हणतोय ते लक्षात यावं. थालीपिठाच्या भाजणीत बहुधा गहू असतातच, ती नकोच.

जेवणात दोन स्वयंपाक करू नका. मरून जाल. एकच असा बेत ठरवा की पुऱ्या सोडून सगळं सगळ्यांना चालेल: वरण-भात, अळूची भाजी, बटाट्याची भाजी, काकडीची कोशिंबीर, अळूवडी नाहीतर कोथिंबीरवडी, श्रीखंड आणि गरम घावन. अळू दोनदा नको असेल तर भाजी फरसबीची. घावन तांदळाच्या पिठाचे असल्यानं नणंदेला चालतात, मऊ असल्यानं आजेसासूबाईंना आवडतात, आणि पुऱ्या बाकीच्यांसाठी होतातच. पुरणपोळीचा हट्ट असलाच तर पुरण घालून तांदळाच्या उकडीचे मोदक करा. गणपती नसला म्हणून मोदकाला कुणी नाही म्हणत नाही.

व्याह्यांसाठी गूळ घातलाय म्हणून चालेल, हा गैरसमज सोडा. गुळानंही साखर वाढते. श्रीखंडाची लहान वाटी वाढा आणि आग्रह करू नका. वेळ पाळा. गोळी किंवा इन्सुलिन घेऊन माणूस बसलाय आणि इकडे नैवेद्य व्हायचाय, असं झालं तर साखर उतरून घाम फुटतो. साडेबाराला पानं म्हणजे साडेबारालाच. ओवाळणं नंतर.

आदल्या दिवशी चक्का बांधा, खोबरं खवा, अळूवडीचे उंडे बांधून ठेवा, पण उकडायचे त्याच दिवशी, कारण विहीणबाईंना शिळं ओळखता येतं आणि त्या बोलतातही. उंड्यांच्या बेसनात हिंग घालताना कुठली डबी हातात आहे ते बघा.

त्या दिवशी सकाळी ओटा, कालथा, झारा धुवा. लाकडी पोळपाटावर गहू लाटलेला असतो, तो तिच्या पदार्थांना नको. घावनाला वेगळा तवा. तळणाचा क्रम असा: आधी वड्या, मग पापड, पुऱ्या अगदी शेवटी. पुऱ्यांच्या तेलात नंतर काही तळलंत तर सगळं मुसळ केरात. पीठ मळायचं ते बाकीचं झाकून ठेवल्यावर. मदतीला जाऊबाई येणार असतील तर त्यांना हे आधी सांगा, आणि हिंगाबद्दल दोनदा सांगा. वरणात चवीला म्हणून त्या पर्समधली स्वतःची डबी काढतील, मी पाहिलंय.

फराळाच्या ताटात शंकरपाळ्या आणि करंज्या बाकीच्यांपासून वेगळ्या ठेवा, चुरा पडतो. अनारसे चालतात, पण पीठ घरचं हवं. चिवडा आणि चकली द्यायच्या असतील तर नव्या हिंगाच्या, नाहीतर देऊ नका.

वाढताना नणंदेचं पान आधी. तिच्या भाजीचा डाव पुऱ्यांच्या परातीत टेकवू नका. पाणी, विडे, दक्षिणा, आहेर, हे तुम्हाला येतं. बांधून द्यायचे डबे दोन, झाकणावर चिकटपट्टी लावून नावं लिहा, आणि तिचा डबा तिच्याच हातात द्या.