६एलयू७ उघडल्यावर काय बघायचं?

एमएस्सीनंतर प्रोटीन क्रिस्टलोग्राफीत, म्हणजे प्रोटीनचे क्रिस्टल बनवून क्ष-किरणांनी रचना काढण्याच्या कामात, यायचंय म्हणणाऱ्या मुलांना मी पुस्तकाआधी ६एलयू७ (6LU7) ही प्रोटीन-रचनेची फाइल उघडायला सांगते. करोना विषाणूच्या मुख्य प्रोटीएजची, म्हणजे प्रोटीन कापणाऱ्या एन्झाइमची, ही रचना शांघायमधल्या राव झीहे आणि यांग हायताव यांच्या गटाने काढली. रिझोल्यूशन, म्हणजे रचनेतला बारकावा, २.१६ अँगस्ट्रॉम. ५ फेब्रुवारी २०२० ला ती प्रोटीन डेटा बँक या प्रोटीन-रचनांच्या संग्रहात खुली झाली आणि लॉकडाऊनमध्ये लॅब बंद पडल्यावर जो तो हिच्यावरच डॉकिंग (औषधाचा रेणू प्रोटीनमध्ये कसा बसेल याचा संगणकी अंदाज) करत बसला.

फाइलमध्ये प्रोटीएजचा एकच रेणू दिसतो. पण हे एन्झाइम काम करतं जोडीने. दुसरा रेणू क्रिस्टलच्या सममितीतून मिळतो, त्यासाठी 'बायॉलॉजिकल असेंब्ली' उघडावी लागते. ती उघडाच. जोडीदाराच्या साखळीतलं अगदी पहिलं अमिनो आम्ल, सेरीन-१, पलीकडच्या ग्लुटामेट-१६६ ला येऊन भिडतं आणि औषध बसतं तो खळगा त्याच्या आधारानेच आकारात राहतो.

आता बेंचवर या. हिस्टिडीन टॅग, म्हणजे प्रोटीन शुद्ध करताना धरायला लावलेली छोटी शेपटी, पुष्कळदा साखळीच्या सुरुवातीला लावला जातो, कारण तसे व्हेक्टर (जनुक वाहून नेणारे डीएनए) फ्रीझरमध्ये तयार असतात. इथे मात्र सुरुवातीला चार-दोन अमिनो आम्लं जास्तीची राहिली तरी जोडी नीट जमत नाही, एन्झाइम मंदावतं. म्हणून टॅग शेवटाला लावायचा, आणि सुरुवातीला प्रोटीएजची स्वतःचीच कापायची जागा ठेवायची. ई. कोलाय जिवाणूमध्ये प्रोटीन तयार झालं की ते ग्लुटामिन आणि सेरीनच्या मधे आपलं आपणच कापून घेतं. शेवटचा टॅग नंतर दुसऱ्या प्रोटीएजने उडवायचा. इतकी चलाख रचना मला दुसऱ्या कुठल्या क्लोनमध्ये क्वचितच दिसली.

ट्रे लावणं, म्हणजे क्रिस्टल वाढवायला प्रोटीनचे थेंब मांडणं, हातसवयीचं काम आहे. या प्रोटीनला पॉलिएथिलीन ग्लायकॉल मानवतं, पण क्रिस्टल बरेचदा एकमेकांना चिकटलेल्या पातळ पापुद्र्यांसारखे येतात. थेंबात काही चमकलं की लगेच गाइडना फोन करू नका, मीठही चमकतं. सुईने दाबून बघा: मिठाचा खडा कडक लागतो, प्रोटीनचा क्रिस्टल सहज पिचतो, कारण त्यात साधारण निम्मं पाणीच असतं. चांगला निघाला तर लूपमध्ये उचलून द्रव नायट्रोजनमध्ये गोठवायचा. मग बीमलाइन, म्हणजे क्रिस्टलवर क्ष-किरण सोडायची जागा; आपल्याकडे इंदूरच्या इंडस-२ या सिंक्रोट्रॉनवर प्रोटीनसाठी एक आहे. फेजिंगची, म्हणजे क्ष-किरणांच्या मोजमापात न मिळणारी कलेची माहिती मिळवण्याची, इथे फारशी डोकेदुखी नाही. जुन्या सार्सच्या प्रोटीएजशी ९६ टक्के साम्य असल्याने मॉडेल आयतं मिळतं.

खरं शिक्षण पुढे, कूट या रचना बघायच्या-बांधायच्या सॉफ्टवेअरमध्ये. इलेक्ट्रॉन घनतेची निळी जाळी लावून सिस्टीन-१४५ पाशी जा. तिथल्या गंधकाला एन३ हा इनहिबिटर (एन्झाइमचं काम रोखणारा रेणू) सहसंयुज बंधाने जोडलेला आहे. नंतर आलेलं निर्माट्रेलविर हे करोनावरचं औषधही याच सिस्टीनला धरतं. साधं डॉकिंग असा बंध जमेस धरतच नाही. जाळीत एन३ चा कुठला भाग ठळक दिसतो, कुठला विरळ, बी-फॅक्टर (अणू किती हलतात याचं माप) तिथे किती, हे स्वतः नोंदवा. जेआरएफच्या (संशोधन फेलोशिपच्या) अर्जाला डॉकिंग स्कोअरचा तक्ता जोडण्यापेक्षा या निरीक्षणाचे दोन परिच्छेद जोडा. माझ्याकडे असा अर्ज आला तर मी तो आधी वाचते.