दुधीच्या शेवया आणि कढईतलं तळं

स्पायरलायझर, म्हणजे भाज्यांच्या शेवया पाडायचं यंत्र, हौसेनं आणला आणि पहिल्याच दिवशी दुधीच्या लांबलचक शेवया पाडल्या. कढईत टाकून झाकण ठेवलं, पाच मिनिटांनी उघडलं तर खाली तळं, वर लगदा. लेक म्हणाली, "आई, हे सूप आहे का?" दोनदा असंच झालं. दोष यंत्राचा नव्हता. दुधीत ९५ टक्क्यांच्या आसपास पाणीच, झाकणाखाली ते जाणार कुठे?

मग खमंग काकडी आठवली. काकडी चोचवून पिळतोच की आपण! कोवळा दुधी घेतला, बियांचा गाभा लागला की थांबले. दोन वाट्या शेवयांना अर्धा चमचा मीठ चोळून २० मिनिटं चाळणीत ठेवल्या, मग पंच्यात गुंडाळून घट्ट पिळल्या. निघालेलं पाणी थालीपिठाच्या भाजणीत गेलं (तिथे मीठ बेतानं घाला, मी विसरले होते). लोखंडी कढईत मोहरी, हिंग, मिरची, कढीपत्त्याची फोडणी, मोठ्या आचेवर जेमतेम दोन मिनिटं, झाकण अजिबात नाही. वरून दाण्याचं कूट. उरलंसुरलं पाणी ते पिऊन टाकतं.

गाजराला एवढा खटाटोप लागत नाही. बीट मात्र परत यंत्रात घालणार नाही, ओटा अजून गुलाबी आहे.