पांढरा बुलबुल दिसला तर: प्राण्यांचे वेगळे रंग पाहण्याची रीत

शेतात पांढरा बुलबुल किंवा पंखांवर पांढरे पट्टे असलेला कावळा दिसला, की त्याचे छायाचित्र तासाभरात तालुकाभर फिरते आणि ही एखादी नवीच जात असावी, याला रोग झाला असावा किंवा हा काही संकेत असावा, असे तर्क सुरू होतात. हे तर्क बहुतेक वेळा चुकतात, कारण पाहणाऱ्याला त्या प्राण्याचा नेहमीचा रंगच नीट माहीत नसतो. नर कसा दिसतो, मादी कशी दिसते, पिल्लाचा रंग कोणता, विणीच्या हंगामात काय बदलते, हे ज्याला ठाऊक नाही त्याला प्रत्येक दुसरा पक्षी विलक्षण वाटतो आणि खरोखर विलक्षण असलेला प्राणी मात्र नजरेतून निसटतो. म्हणून येथे नेहमीचे रंग ओळखण्याची रीत आधी सांगितली आहे आणि अपवादांचा विचार नंतर केला आहे. या अभ्यासासाठी मराठवाड्याबाहेर जाण्याची गरज नाही.

सुरुवात जनावरांच्या बाजारात

रानात जाण्याआधी जनावरांच्या बाजारात जावे, असा माझा आग्रह आहे. वन्य प्राणी क्षणभर दिसतो आणि पळतो. बाजारातले जनावर दाव्याला बांधलेले असते, त्याला चारही बाजूंनी पाहता येते आणि तुलनेसाठी त्याच जातीची इतर जनावरे शेजारीच उभी असतात. उदगीर तालुक्यातील हाळी-हंडरगुळीचा बाजार किंवा लोहा तालुक्यातील माळेगावची खंडोबाची यात्रा यासाठी उत्तम. तेथे प्रथम लाल कंधारी जनावरे पाहावीत. ही जात एकरंगी असल्यामुळे त्या एका लाल रंगातल्या छटाच आपल्याला शिकवतात: फिकट लालपासून जवळजवळ तपकिरीपर्यंत त्या पसरलेल्या असतात आणि वळू सहसा गायींपेक्षा गडद असतो. एकाच जातीत नर-मादीच्या रंगात फरक पडतो, हा पहिला धडा येथे फुकट मिळतो.

त्यानंतर देवणीकडे वळावे. देवणी ही एकच जात असली तरी पशुपालक तिच्यात रंगावरून तीन प्रकार मानतात. अंग पांढरे आणि तोंडाच्या बाजू काळ्या असल्यास वानेरा, अंग पांढरे आणि केवळ पोटाकडच्या भागावर काळे ठिपके असल्यास बालंक्या, आणि पांढऱ्या अंगावर वेडेवाकडे काळे डाग असल्यास शेवरा. हे तिन्ही प्रकार एकमेकांशेजारी उभे असताना आपण स्वतः ओळखून पाहावेत आणि मग मालकाला विचारून पडताळावेत. रंग वेगळा म्हणजे जात वेगळी, ही समजूत येथेच गळून पडते. उस्मानाबादी शेळी बहुतांश काळीच असते; तरीही कळपात पांढरी, तपकिरी किंवा ठिपक्यांची शेळी निघते आणि तीही उस्मानाबादीच असते.

मराठवाडी म्हशीच्या कपाळावर आणि पायांच्या खालच्या भागावर कधीकधी पांढरे आढळते, आणि माळेगावच्या यात्रेत ज्याला पंचकल्याणी म्हणून मोल येते त्या घोड्याचे चारही पाय व तोंडावरचा पट्टा पांढरा असतो. पांढरा रंग नेमका याच जागा का निवडतो, हे समजून घेतले तर पुढचे बरेच काही सोपे होते. रंगद्रव्य तयार करणाऱ्या पेशी गर्भावस्थेत पाठीच्या कण्याजवळ जन्म घेतात आणि तेथून सरकत सरकत साऱ्या त्वचेत पसरतात. त्यांची संख्या कमी पडली किंवा प्रवास अपुरा राहिला, तर सर्वांत दूरच्या जागा, म्हणजे कपाळ, खूर, पोट आणि शेपटीचे टोक, रंगाविना राहतात. हीच गोष्ट रस्त्यावरच्या कुत्र्यातही दिसते. तिरंगी मांजर जवळजवळ नेहमी मादीच असते, याचेही कारण असेच शरीरात दडलेले आहे: काळ्या व नारिंगी रंगाचा निर्णय करणारे जनुक एक्स गुणसूत्रावर असते आणि दोन एक्स गुणसूत्रे साधारणतः मादीतच असतात.

ढवळ्याशेजारी पवळ्या बांधल्याने वाण लागत नाही, हे म्हणीने पूर्वीच सांगून ठेवले आहे. रंग जनुकांतून येतो. गोठ्यात त्याची निवड माणूस करतो आणि रानात ती शिकारी प्राण्याच्या नजरेने होते. त्यामुळेच बाजारात जितके रंग टिकतात तितके माळावर टिकत नाहीत.

वय, लिंग आणि ऋतू

माळरानावर पाहण्यासाठी काळवीट हा सर्वांत चांगला नमुना आहे. मादी आणि पिल्ले पिवळसर तपकिरी असतात, तर नर साधारण तिसऱ्या वर्षापासून गडद होऊ लागतो. त्यातही हिवाळा सरल्यावर केस बदलले की नराचा काळेपणा उतरतो. त्यामुळे एकाच कळपात काळा, चॉकलेटी आणि अर्धवट रंगाचा असे तीन नर दिसले, तर तेथे तीन जाती नसून वय आणि ऋतू यांचा हिशेब असतो. रोहीचा नर निळसर करडा आणि मादी तांबूस असते, हे शेतकऱ्यांना सांगण्याची गरज नाही. पिकाच्या नुकसानीने त्यांना या प्राण्याची ओळख आधीच करून दिलेली आहे. कोकिळा मात्र अजूनही पुष्कळांना फसवते. काळाभोर नर आणि तपकिरी अंगावर पांढरे ठिपके असलेली मादी हे दोन वेगळे पक्षी आहेत, असे समजणारे लोक भेटतात. दोघांचेही डोळे लाल असतात आणि तो त्यांचा नेहमीचा रंग आहे, हे पुढच्या परीक्षेसाठी लक्षात ठेवावे.

ऋतूनुसार होणारा बदल पाहण्यासाठी एकच जागा निवडून वर्षभर तेथे जात राहावे. गावातला पाझर तलाव पुरेसा आहे. उन्हाळ्याच्या अखेरीस गायबगळ्याचे डोके व मान नारिंगी होते, ढोकरीच्या पाठीवर गडद लालसर पिसे येतात आणि सुगरण नराच्या माथ्यावर पिवळा रंग चढतो. वीण संपली की हे सारे ओसरते. जांभळा सूर्यपक्षी विणीनंतर आपली चमकदार पिसे टाकतो आणि गळ्यापासून पोटापर्यंत एक गडद रेघ तेवढी उरते. या अवस्थेतला नर पाहून दुर्मीळ पक्षी सापडल्याची घोषणा करण्याचा मोह होतो, तो आवरावा. स्वर्गीय नर्तकाच्या बाबतीत वयाचा फरक आणखी ठळक असतो: आपल्याकडचा तरुण नर तांबूस असतो आणि पुढे वय वाढल्यावर पांढराशुभ्र होतो.

हिवाळ्यात पैठणच्या नाथसागरावर येणारे रोहित पक्षी पाहताना आणखी एक निराळे कारण समजते. त्यांचा गुलाबी रंग अन्नातल्या कॅरोटिनॉइड द्रव्यांतून येतो आणि पिले करडी-पांढरी असतात. म्हणून थव्यातला फिका पक्षी आजारी नसून बहुधा लहान असतो. मोराचा निळा रंग तर निळ्या रंगद्रव्याचा नसतोच. तो पिसातील मेलॅनिनच्या, म्हणजे काळ्या-तपकिरी रंगद्रव्याच्या, अतिसूक्ष्म कांड्यांच्या मांडणीतून प्रकाशाने घडवलेला असतो. घरातले मोरपीस उजेडासमोर धरून त्याच्या आरपार पाहावे, म्हणजे निळा-हिरवा रंग नाहीसा होऊन ते तपकिरी दिसते. पाटोदा तालुक्यातील नायगावच्या मयूर अभयारण्यात जाण्यापूर्वी हा प्रयोग करून जावे. पांढऱ्या मोरात मेलॅनिन नसल्यावर निळा रंगही का उरत नाही, हे मग वेगळे समजावावे लागत नाही.

कढीपत्त्यावरची परीक्षा

ज्यांना अंगण सोडून जाणे शक्य नाही, त्यांच्यासाठी कढीपत्त्याचे झाड पुरेसे आहे. जालन्याकडे मोसंबीची बाग असेल तर अधिक चांगले. या झाडांवर कॉमन मॉरमॉन नावाचे मोठे काळे फुलपाखरू अंडी घालते. त्याचा नर एकाच रूपाचा असतो, पण मादी तीन रूपांत आढळते: एक नरासारखी, दुसरी कॉमन रोझ या फुलपाखरासारखी आणि तिसरी क्रिम्सन रोझसारखी. ही दोन्ही रोझ फुलपाखरे अळीच्या अवस्थेत विषारी वेल खातात आणि पक्ष्यांना नकोशी असतात, म्हणून त्यांचे सोंग घेणारी मादी वाचते. हा सारा खेळ डबलसेक्स नावाच्या एका जनुकामुळे चालतो, हे जीवशास्त्रज्ञ कृष्णमेघ कुंटे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2014 मध्ये दाखवून दिले. पावसाळ्यात कढीपत्त्यावरची अळी पानासकट जाळीच्या पेटीत ठेवून रोज ताजी पाने द्यावीत आणि बाहेर येणाऱ्या फुलपाखरांची नोंद करावी. एकाच झाडावरच्या अळ्यांतून वेगवेगळ्या रूपांच्या माद्या निघाल्या, तर रंगविविधतेवरचे कोणतेही व्याख्यान त्यापुढे फिके पडेल. नोंद झाल्यावर फुलपाखरू त्याच अंगणात सोडावे.

घोळीच्या भाजीवर वाढणाऱ्या डॅनेड एगफ्लाय फुलपाखराची मादी रुईवरच्या प्लेन टायगरची अशीच नक्कल करते. याशिवाय कॉमन इव्हिनिंग ब्राउन या फुलपाखराच्या पंखांवर पावसाळी पिढीत डोळ्यांसारखी वर्तुळे असतात आणि कोरड्या दिवसांतल्या पिढीत ती जवळजवळ नाहीशी होऊन पंख वाळल्या पानासारखे दिसतात.

खरा अपवाद कसा ओळखावा

इतकी तयारी झाल्यावर वेगळ्या रंगाचा प्राणी दिसला, तर प्रथम उजेड आणि मळ यांचा विचार करावा. कलत्या उन्हात फिकट पक्षी सोनेरी दिसतो. पळस व पांगारा फुलल्यावर सूर्यपक्ष्यांच्या आणि बुलबुलांच्या कपाळाला पिवळे पराग लागलेले असतात. बाजारात विकायला आणलेल्या मुनिया तर अनेकदा चक्क रंगवलेल्या असतात.

यानंतर डोळे पाहावेत. मेलॅनिन पूर्णपणे नसलेल्या, म्हणजे अल्बिनो प्राण्याचे डोळे गुलाबी किंवा लाल दिसतात, कारण आतल्या रक्तवाहिन्या झाकणारे रंगद्रव्य तेथे नसते. डोळे नेहमीच्या गडद रंगाचे असून अंग पांढरे असेल, तर तो ल्युसिझमचा प्रकार असण्याची शक्यता अधिक. अशा प्राण्यात रंगपेशी त्वचेपर्यंत पोहोचलेल्याच नसतात, अर्थात बाजारात पाहिलेल्या पांढऱ्या खुरांचेच हे मोठे रूप आहे. फ्लॅश टाकून काढलेल्या छायाचित्रात डोळे लाल येतात. त्यावरून निर्णय करू नये. पांढऱ्या बुलबुलाचे बूड मात्र बहुधा लालच राहते आणि ते पाहून संभ्रमात पडण्याचे कारण नाही. तो लाल रंग कॅरोटिनॉइडचा असतो आणि मेलॅनिनच्या अभावाचा त्याच्याशी संबंध नसतो.

पांढरी पिसे दोन्ही बाजूंना सारखी आहेत की विखुरलेली, हे यानंतर तपासावे. ल्युसिझममधले पांढरे भाग सहसा सममित असतात आणि पिल्लू घरट्यातून बाहेर पडते तेव्हापासून तसेच राहतात. विखुरलेली व दरवर्षी वाढत जाणारी पांढरी पिसे हे वयानुसार रंग जाण्याचे लक्षण असते. कावळ्याच्या पंखांवरचे फिके पट्टे पुष्कळदा निकृष्ट अन्नामुळे आलेले असतात आणि आहार सुधारल्यावर पुढच्या पिसांत नाहीसे होतात.

काळेपणाचेही असेच आहे. काळा बिबट्या हा बिबट्याच असतो; कलत्या उजेडात त्याच्या अंगावरचे ठिपके दिसतात. बिबट्यात हा गुण अप्रभावी जनुकामुळे येतो, म्हणजे तो आई आणि वडील या दोघांकडूनही यावा लागतो. दक्षिण अमेरिकेतल्या जॅग्वारमध्ये मात्र निराळ्याच जनुकामुळे येणारा हाच काळेपणा प्रभावी असतो. ओडिशातील सिमिलीपालच्या काळ्या वाघांचे पट्टे रुंदावून एकमेकांत मिसळलेले असतात आणि 2021 मध्ये त्याचा संबंध टॅकपेप या जनुकातील बदलाशी जोडला गेला. लहान व एकाकी पडलेल्या समूहात असे दुर्मीळ जनुक वाढते, त्यामुळे तेथला काळा वाघ जितका मोहक तितकाच चिंतेचा विषय आहे. जगभरच्या प्राणिसंग्रहालयांतील पांढऱ्या वाघांबद्दल माझे मत आणखी कठोर आहे. 1951 मध्ये रेवा संस्थानच्या परिसरात पकडलेल्या मोहन नावाच्या बछड्यापासून ही परंपरा चालली, ती जवळच्या नात्यात प्रजनन करून, आणि त्याची किंमत तिरळे डोळे व इतर व्यंगांच्या रूपाने त्या जनावरांनी मोजली. रंगासाठी प्राणी घडवणे आणि रंग पाहण्यासाठी प्राण्याकडे जाणे, या दोन गोष्टी वेगळ्या ठेवाव्यात.

नोंद आणि वागणूक

वेगळ्या रंगाच्या प्राण्याला त्याच्या जातीइतकेच कायद्याचे संरक्षण असते. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली संरक्षित असलेला पक्षी पांढरा निघाला म्हणून पिंजऱ्यात ठेवता येत नाही. साप कोणत्याही रंगाचा असला तरी जवळ जाऊ नये. पांढऱ्या नागाचे विष पांढरे होत नाही. घरट्याजवळ गर्दी जमवल्यास पिल्ले उपाशी राहतात, म्हणून गावात नेमकी जागा सांगत सुटू नये.

नोंदीत दिनांक, वेळ, ठिकाण, उजेड, डोळ्यांचा, चोचीचा व पायांचा रंग, पांढऱ्या किंवा काळ्या भागांची जागा आणि सोबतचे इतर प्राणी त्याला कसे वागवत होते, हे लिहावे. दोन्ही बाजूंची छायाचित्रे घ्यावीत आणि त्यांचे रंग ॲपमधून खुलवू नयेत. ई-बर्ड, आयनॅचरलिस्ट किंवा इंडिया बायोडायव्हर्सिटी पोर्टल या संकेतस्थळांपैकी कोठेही ही नोंद करता येते. आयनॅचरलिस्टवर नेमके ठिकाण झाकण्याची सोयही आहे. जातीचे नाव नेहमीचेच द्यावे आणि रंगाचा वेगळेपणा टिपणीत लिहावा. बुलबुलासारखे पक्षी विणीनंतर पिसे बदलतात, म्हणून उन्हाळ्यात पाहिलेला पांढरा बुलबुल दिवाळीच्या सुमारास त्याच परिसरात पुन्हा शोधावा, जुन्या छायाचित्राशी पिसे ताडून पाहावीत आणि पांढरे वाढले, घटले की तेवढेच राहिले, ते त्याच नोंदीखाली लिहावे.