‘चालतोय का बघू’ म्हणण्याआधी : लॅपटॉप बिघडला की या चुका टाळा

तीन वर्षांपूर्वी माझ्या लॅपटॉपवर अर्धा कप आल्याचा चहा सांडला. मी फडक्याने कीबोर्ड पुसला, लॅपटॉप उलटा करून झटकला, हेअर ड्रायर फिरवला आणि दहाव्या मिनिटाला बटण दाबलं. चालू झाला! आठवडाभर नीट चाललाही. मग एका सकाळी गेला तो गेलाच. दुरुस्तीवाल्याने मागचं झाकण उघडून दाखवलं. चार्जिंगच्या जागेजवळ बोर्डावर हिरवट-पांढरं काहीतरी चढलं होतं, जुन्या तांब्याच्या भांड्यावर कळंक चढतो तसं. तो म्हणाला, “चहाने नाही गेला दादा, चालू केलात म्हणून गेला.”

त्याचं म्हणणं खरं होतं. ओल आणि वीज एकत्र आली की बोर्डावरच्या धातूच्या बारीक रेषा झपाट्याने गंजतात. चहात साखर आणि दूध. पाणी उडून गेलं तरी त्यांचा चिकट थर मागे राहतो आणि हवेतली ओल ओढत राहतो. पावसाळ्यात तर विचारूच नका.

तेव्हा सांडलं की आधी भिंतीवरचं बटण बंद करून चार्जर काढा. मग पॉवरचं बटण दहा-पंधरा सेकंद दाबून धरा. ‘फाइल सेव्ह करून बंद करतो’ म्हणत बसू नका. लॅपटॉप उघडा ठेवून, कीबोर्ड खाली येईल असा तंबूसारखा टॉवेलवर उभा करा. झटकू नका, पाणी आणखी आत जातं. हेअर ड्रायरचंही तेच, वर गरम हवेने बटणं वाकतात ती वेगळीच. तांदळाच्या डब्यात ठेवायचा उपाय तर विसरूनच जा. तांदूळ बोर्डावरची साखर काढत नाही, उलट त्याची पूड पोर्टमध्ये जाऊन बसते.

बंद केला तरी आतली बॅटरी बोर्डाला जोडलेलीच असते, म्हणून त्याच दिवशी दुकान गाठा. बॅटरी सुटी करून आयसोप्रोपिल अल्कोहोलने बोर्ड साफ केला तर लॅपटॉप वाचायची बरीच आशा असते. दुकानात खरं सांगा. वॉरंटीच्या आशेने ‘आपोआप बंद पडला’ म्हणणारे पुष्कळ असतात. साध्या वॉरंटीत सांडासांड सहसा धरतच नाहीत, आणि झाकण उघडलं की चहा दिसतोच.

डिस्क टकटक करतेय

बाहेरची हार्ड डिस्क टेबलावरून पडली आणि जोडल्यावर टक-टक आवाज आला, तर वायर काढा. पुन्हा जोडून बघू नका. आत चकती मिनिटाला हजारो फेरे घेते आणि वाचणारं डोकं तिच्यापासून केसापेक्षाही कमी अंतरावर तरंगत असतं. ते बिघडलं असेल तर प्रत्येक प्रयत्नात चकतीवर ओरखडे पडू शकतात. जो डेटा प्रयोगशाळेत परत मिळाला असता, तो आपण घरीच खरवडून टाकतो. फ्रीजरमध्ये ठेवायचा सल्ला कुणी देईल. आत दव धरतं, बाकी काही होत नाही.

चुकून डिलीट केलेल्या फाइलचं गणित निराळं. हार्ड डिस्कवर ती बहुधा जागेवरच असते, फक्त तिच्यावर दुसरं काही लिहिलं जाता कामा नये. म्हणून रिकव्हरीचं सॉफ्टवेअर त्याच डिस्कवर उतरवणं म्हणजे शोधायच्या वस्तूवरच सामान रचणं. एसएसडीवर, म्हणजे चकती नसलेल्या चिपवाल्या डिस्कवर, मात्र ट्रिम नावाची सोय मोकळी जागा स्वतःच पुसून टाकते, त्यामुळे तिथे फारशी आशा ठेवू नये.

झेरॉक्सच्या दुकानातून आलेला पेनड्राइव्ह

प्रिंट काढून घरी आलो, पेनड्राइव्ह लावला, आणि सगळ्या फोल्डरच्या जागी शॉर्टकट! घाबरून लोक एकतर त्यावर डबल क्लिक करतात, म्हणजे व्हायरस लॅपटॉपवर घेतात, नाहीतर फॉरमॅट मारतात. फाइली बहुतेक वेळा तिथेच असतात, लपवलेल्या. आधी अँटिव्हायरसने तपासा, मग फोल्डर ऑप्शन्समध्ये जाऊन लपवलेल्या फाइली दाखवा. नुसतं ‘हिडन आयटम्स’ पुरत नाही. सिस्टीमच्या संरक्षित फाइली लपवण्याची खूणही काढावी लागते. फाइली कॉपी केल्या की ती परत लावा.

निळा पडदा आणि ४८ आकडे

हल्ली सगळ्यांत जास्त रडारड इथे होते. विंडोज ११च्या बऱ्याच लॅपटॉपवर मायक्रोसॉफ्ट खात्याने साइन इन केलं की डिस्क आपोआप कुलूपबंद होते. चोरी झाली तर हे उत्तमच. पण मदरबोर्ड बदलला किंवा कधी बायोस (लॅपटॉप सुरू करणारा मूळ प्रोग्राम) अपडेट झाला की बिटलॉकरचा, म्हणजे विंडोजच्या या कुलपाचा, निळा पडदा ४८ आकडी रिकव्हरी की मागतो. ती खात्यात असते. कोणाच्या खात्यात? सेटअप दुकानदाराने किंवा भाच्याने करून दिला असेल तर त्यांच्या! रिकव्हरी की नसेल तर डेटा गेला. मायक्रोसॉफ्टवालेही काढून देऊ शकत नाहीत. म्हणून लॅपटॉप धडधाकट असतानाच आपल्या खात्यात जाऊन की शोधा आणि कागदावर उतरवून कपाटात ठेवा. लॅपटॉपच्या बॅगेत नको. पडदा आलाच तर त्यावरचा की आयडी खात्यातल्या यादीशी जुळवून बघा. घाईने ‘रिसेट’ दाबलंत तर विषय संपला. ऑफिसचा लॅपटॉप असेल तर की आयटीवाल्यांकडे मिळेल.

टचपॅड दाबायला कडक झाला, किंवा लॅपटॉप टेबलावर डुगडुगायला लागला, तर स्क्रू आवळू नका. आत बॅटरी फुगलेली असू शकते. चार्जिंग बंद, लॅपटॉप बंद, आणि सरळ दुरुस्तीवाल्याकडे. धातूच्या लॅपटॉपला हात लावल्यावर झिणझिण्या येतात, तेव्हा मात्र आधी घरातलं अर्थिंग तपासून घ्या. तीन पिनांचा प्लग दोन पिनांच्या जुगाडात खोचलेला असतो, दोष लॅपटॉपच्या माथी.

वनड्राइव्ह किंवा गूगल ड्राइव्ह आहे म्हणजे बॅकअप आहे, असंही समजू नका. इथे डिलीट केलेलं तिथेही डिलीट होतं, आणि ३० दिवसांनी ट्रॅशमधूनही जातं. एक प्रत सुट्या डिस्कवर हवी, कॉपी झाली की काढून ठेवलेली. ती मात्र अधूनमधून खरंच चालू करून बघा. मी दिवाळीच्या आवराआवरीत बघतो. गेल्या वर्षी २०१७च्या फोटोंचा फोल्डर रिकामा निघाला. मूळ फोटो लॅपटॉपवर होते, म्हणून त्याच रात्री परत कॉपी केले.